पोलीस येईपर्यंत : घरफोडीपासून घर आणि वस्ती कशी राखावी

घरफोडीची कोणतीही मराठी बातमी काढून पाहा. अज्ञात चोरट्यांनी दाराचा कडी-कोयंडा तोडून घरात प्रवेश केला, हे वाक्य तिच्यात बहुतेक वेळा सापडेलच. आपण ते ओलांडून पुढचा आकडा वाचतो, किती तोळे गेले आणि रोकड किती गेली. कामाची माहिती मात्र त्या पहिल्या वाक्यातच आहे. कुलूप शाबूत राहते, तुटतो तो कोयंडा. पाचशे-हजार रुपयांचे कुलूप आपण विचारपूस करून घेतो आणि ते ज्यात अडकवायचे तो कोयंडा मात्र पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर लाकडात टेकवलेला असतो. कटावणी घालून एक हिसका दिला की स्क्रू लाकडाच्या भुश्श्यासकट हातात येतात.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब करा. पोलीस ठाणे गावापासून पंचवीस किलोमीटरवर आहे आणि गाडी ताशी पन्नासच्या वेगाने निघाली, तर ती अर्ध्या तासाने पोहोचेल. तेही गाडी ठाण्यातच उभी असेल, तिला हद्दीतल्या दुसऱ्या गावी जायचे नसेल, रस्ता बरा असेल आणि मुळात फोन करायला कोणी जागे असेल तर. शहरात अंतर कमी असते, पण रात्रपाळीची गाडी एका भांडणातून दुसऱ्या अपघाताकडे धावत असते. कपाट फोडून बाहेर पडायला चोराला एवढा वेळ लागत नाही. पोलिसांना उशिराचा जाब विचारायला हवाच, तो कसा विचारायचा ते शेवटी येईल. आज रात्रीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

म्हणून दोनच प्रश्न धरून चालू या. चोराला आत शिरायला किती वेळ लागेल? आणि पहिला शेजारी तुमच्या दारात किती वेळात येईल? पहिला वेळ वाढवायचा, दुसरा कमी करायचा. खाली जे काही आहे ते या दोहोंपैकी एकासाठी आहे.

दार

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे कोयंड्याचे स्क्रू काढून तिथे आरपार नट-बोल्ट बसवणे. बोल्टचे गोल डोके बाहेर, वॉशर आणि नट आतल्या बाजूला. बाहेरून ते फिरवता येत नाही, आणि उपटायचे तर अख्खी फळी फोडावी लागते. फॅब्रिकेटरकडे किंवा गावातल्या सुताराकडे हे तासाभराचे काम आहे. दार पातळ असेल तर कोयंड्यामागे आतून लोखंडी पट्टी लावून घ्या. चौकटीकडच्या बाजूलाही हेच करायचे. चौकटच भिंतीत हलत असेल तर आधी ती सिमेंटने पक्की करा, नाहीतर बाकी खर्च वाया जातो.

बिजागऱ्या पाहा. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागरीची पिन बाहेर दिसते आणि ठोकून काढता येते. अशा पिनेच्या टोकाला वेल्डिंगचा टाका मारून घ्यावा. दारात आत बसणारे मॉर्टिस लॉक किंवा लॅच असेल तर ते कडी-कुलपापेक्षा बरे, कारण लटकते कुलूप लांबूनच सांगते की घरात कोणी नाही. लॅच नुसते ओढून घेऊ नका, किल्लीने पूर्ण फिरवा. नुसते ओढलेले लॅच सरकवणे अवघड नसते.

जुन्या घरांत दाराला आतून आडवा अडसर असायचा, दोन्ही भिंतींतल्या खोबणींत बसणारा. नव्या घरांतून तो गेला. रात्री माणसे घरात असताना त्याच्याइतके भक्कम साधन आजही दुसरे नाही. लोखंडी पाईपचा अडसर बसवून घेता येतो. मागच्या दाराला तर तो हवाच. पुढच्या दारावर आपण पैसा खर्च करतो आणि मोरीकडचे दार एका गंजक्या कडीवर सोडून देतो.

खिडकी आणि छप्पर

स्लायडिंग खिडकीची काच अनेकदा बाहेरून उचलून काढता येते. ग्रिल नसेल तर ती खिडकी उघडीच समजा. ग्रिल भिंतीत गाडलेली असावी. चौकटीवर स्क्रूने लावलेली ग्रिल म्हणजे पुन्हा कोयंड्याचीच गोष्ट. एक काळजी मात्र सगळ्यांनी घ्या. घराच्या सगळ्या बाजू जाळ्यांनी बंद करू नका. आग लागली, सिलिंडर पेटला तर बाहेर पडायला एक तरी ग्रिल आतून उघडणारी हवी. तिची किल्ली घरातल्या लहान मुलालाही माहीत असावी आणि खिडकीतून हात घालून लागेल अशा जागी नसावी.

वस्त्यांतली बरीच घरे पत्र्याची आहेत, आणि त्यांच्याविषयी सुरक्षेच्या जाहिराती काही बोलत नाहीत. पत्रा ज्या हुकांवर बसतो त्यांचे नट वरून पान्ह्याने फिरवता येतात. हुकाच्या नटावर टाका मारला किंवा नटापुढचा आटा ठोकून बिघडवला तर तो सहज सुटत नाही. घराला टेकलेली शिडी, रिकामे पिंप, लाकडांचा ढीग रात्री हलवून ठेवा.

कुंपणात किंवा ग्रिलमध्ये विजेचा प्रवाह सोडण्याचा विचारही करू नका. शेतात रानडुकरांसाठी सोडलेल्या प्रवाहाने माणसे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. घराभोवती तो सोडला तर मरणारा बहुधा तुमच्याच वस्तीतला असेल, आणि मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्यावर लागेल.

शेजाऱ्याच्या दाराची कडी

महाराष्ट्रातल्या घरफोड्यांची एक जुनी रीत आहे. चोर आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावतात आणि मग हवे ते घर फोडतात. आरडाओरडा झाला तरी शेजारी आत अडकलेले. म्हणजे शेजाऱ्याचा वेळ वाढवायचा हे चोरालाही चांगले कळते. यावर उपाय साधा आहे. रात्री आत झोपताना बाहेरच्या मोकळ्या कोयंड्यात एक लहान कुलूप अडकवून ठेवा; त्यावर मग कडी बसत नाही. नवे दार करत असाल तर बाहेरची कडी लावूच नका, आतले लॉक पुरते. आणि ओळीतल्या प्रत्येक घरात बाकीच्या घरांचे फोन नंबर कागदावर लिहून भिंतीला लावलेले असू द्या. रात्री अडीचला घाबरलेल्या माणसाला मोबाईलमध्ये नाव शोधता येत नाही.

उजेडाचे तसेच आहे. हालचाल झाली की पेटणारा एलईडी दिवा आता फार महाग राहिलेला नाही. दारावर एक आणि मागच्या बोळात एक लावला तरी पुरे. वीज जाणाऱ्या गावात सौर दिवा घ्या. रस्त्यावरचा खांबाचा दिवा बंद असेल तर ते ग्रामपंचायतीचे किंवा पालिकेचे काम आहे, आणि त्यासाठी पैसा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत जी योजना चालते, तिच्यात रस्ते, गटार, पाणी यांबरोबर विजेची कामेही धरलेली आहेत. बहुतेक गावांत हा निधी काँक्रिटच्या रस्त्यावर संपतो. ग्रामसभेत दिव्यांची मागणी लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

कॅमेऱ्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. दाराचे बोल्ट बदलण्याआधी कॅमेरा घेणारे लोक पाहून आश्चर्य वाटते. कॅमेरा चोराला थांबवत नाही, तो नंतर पुरावा देतो, तोही चेहरा उघडा असेल तर. चोर जाताना डीव्हीआरही उचलून नेतात. कॅमेरा घ्यायचाच असेल तर डीव्हीआर टीव्हीखाली न ठेवता वेगळ्या जागी लपवा, त्याला इन्व्हर्टरचा आधार द्या आणि कॅमेऱ्याचा रोख आपल्या दाराकडे ठेवा, शेजारणीच्या अंगणाकडे नको. त्यापेक्षा दार उघडताच किंचाळणारा बॅटरीवरचा छोटा अलार्म स्वस्त पडतो आणि शेजाऱ्यांना जागे करतो.

घर बंद असताना

लग्नसराई, दिवाळी, मे महिना. आपल्याकडे यांत आणखी काही तारखा येतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, ६ डिसेंबरला मुंबई, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. त्या दिवसांत अख्ख्या गल्लीला एकदम कुलपे लागतात आणि ते सगळ्यांना ठाऊक असते. अशा वेळी प्रत्येक गल्लीतली दोन-तीन घरे आळीपाळीने मागे राहतील असे ठरवा. यंदा ज्यांनी घरे राखली ते पुढच्या वर्षी जातील. बीट अंमलदाराला किंवा पोलीस पाटलाला बंद घरांची यादी आणि परतण्याची तारीख द्या. ही यादी व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका. प्रवासाचे फोटोही परतल्यावर टाका. रेल्वेच्या डब्यातून ठेवलेले स्टेटस म्हणजे दारावर लावलेली पाटी आहे.

बाहेरचा दिवा दिवसभर जळत ठेवून जाऊ नका, तो भर दुपारी पेटलेला दिसला की घर रिकामे आहे हे कळते. शेजाऱ्याला संध्याकाळी लावायला आणि सकाळी मालवायला सांगा, दूध आणि वर्तमानपत्र बंद करा. किल्ली कुंडीखाली, पायपुसण्याखाली, मीटरच्या पेटीत ठेवायची सवय मोडा. त्या जागा सगळ्यांना माहीत आहेत.

शिकायला शहरात राहणाऱ्या मुलामुलींचे नुकसान वेगळ्या प्रकारे होते. स्पर्धा परीक्षेच्या खोल्यांत चार जण झोपलेले, एक जण पहाटे अभ्यासिकेत जातो आणि दार नुसते लोटून घेतो. तेवढ्यात कोणीतरी लॅपटॉप आणि चार्जिंगला लावलेले चार मोबाईल घेऊन जातो. दार ओढताच बंद होणारे लॅच बसवायला घरमालकाला सांगा, तो ऐकत नसेल तर चौघांत वर्गणी काढा. नवी खोली घेतली की पहिल्याच दिवशी कुलूप किंवा त्याचा सिलिंडर बदला; आधीच्या भाडेकरूंपैकी किती जणांकडे किल्ली आहे हे कोणालाच माहीत नसते. मोबाईलचा आयएमईआय क्रमांक *#०६# दाबून मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. चोरीची तक्रार दिल्यावर केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून तो फोन देशभरात बंद पाडता येतो. त्याआधी सिमकार्ड आणि यूपीआय बंद करा.

सोने, रोकड, कागद

घरात कमी ठेवले तर कमी जाते. लॉकर मिळत असेल तर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. म्हणजे पूर्ण भरपाईची हमी नाही, तरी कपाटापेक्षा ती जागा पुष्कळ सुरक्षित आहे. गृहविम्याबाबत एक गैरसमज आहे. भारत गृह रक्षा ही जी प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून मिळते, ती मुळात आग, पूर, वादळ यांची आहे. अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तिच्यात येते, एरवीची घरफोडी येत नाही. ते संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते.

आणखी एक जागा आहे जिच्याकडे कोणी पाहत नाही. बचत गटाची जमा, भिशीची रक्कम, जयंती मंडळाची वर्गणी. ती खजिनदाराच्या घरी आहे हे सगळ्या वस्तीला माहीत असते. रक्कम गेली तर चोरीच्या जोडीला संशयही त्या घरावर येतो, आणि तो वर्षानुवर्षे जात नाही. मंडळाचे खाते उघडा, वर्गणी शक्य तेवढी थेट खात्यात घ्या, आणि रोख आलेली दुसऱ्याच दिवशी भरा.

दागिन्यांचे फोटो, वजन आणि पावत्या जपून ठेवा. नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो, तोही लिहून ठेवा. चोर सापडल्यावर हा माल माझाच हे सिद्ध करायला हेच लागते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, सातबारा हे कागद बहुतेक घरांत दागिन्यांच्याच पेटीत असतात. चोर पेटी उचलून नेतो, शेतात फोडतो आणि कागद पावसात भिजत पडतात. दाखला पुन्हा काढायला किती हेलपाटे पडतात हे आपल्या घरांना सांगायला नको. कागद वेगळ्या पिशवीत, वेगळ्या जागी ठेवा, आणि जे डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथे घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या नियमांनुसार तिथे निर्गमित झालेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे.

फोनची साखळी आणि गस्त

शेजाऱ्याचा वेळ कमी करण्याचे खरे काम इथे आहे आणि ते एकट्या घराला जमत नाही. दहा-बारा घरांची एक साखळी करा. एका घरातून हाक आली की कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलेले असावे, आणि एका माणसाचे काम फक्त ११२ ला फोन करण्याचे असावे. सगळे जण एकमेकांना फोन करत बसतात आणि पोलिसांना कोणीच करत नाही, असे होते. ११२ वर बोलताना गाव, वस्ती, जवळची खूण आणि आत किती जण आहेत एवढेच आधी सांगा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. तिच्या टोल-फ्री क्रमांकावर बोललेला निरोप नोंदणी झालेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी, बोलणाऱ्याच्याच आवाजात जातो. आपल्या गावात ती आहे का, आणि असली तर आपल्या वस्तीचे नंबर त्यात नोंदलेले आहेत का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. गावची यादी करताना वस्ती राहून जाणे ही काही नवी गोष्ट नाही.

रात्रीची गस्त घालायची तर पोलीस ठाण्याला लेखी कळवून, पोलीस पाटलाला सोबत घेऊन, नावांची यादी देऊन घाला. हातात विजेरी आणि शिट्टी पुरे. दारू प्यायलेल्या माणसाला गस्तीत घेऊ नका, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना.

आता गस्तीच्या धोक्याविषयी, कारण तो चोरीपेक्षा मोठा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे अशाच अफवांच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव गेला, तोही पोलीस तिथे असताना. चोर आले, असा एक व्हॉट्सअप संदेश आणि रात्री जागी असलेली काठ्या घेतलेली माणसे, एवढे त्याला पुरेसे होते.

संशय कोणावर जातो हेही पाहायला हवे. गावाबाहेर पाल पडले की गस्तवाल्यांची पावले तिकडे वळतात. पारधी, कैकाडी, कंजारभाट. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता प्रकरणातल्या निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याविरुद्ध उभी राहिलेली चळवळ ज्यांची आहे, त्यांच्या वस्तीतली गस्त पालावरच्या माणसाला जन्मावरून चोर ठरवू लागली तर तिने ती बंद केलेली बरी. गस्तीने पाहायचे ते कृत्य. कोणी दार फोडताना दिसला का, कुंपण ओलांडताना दिसला का. अनोळखी असणे, वेगळी भाषा बोलणे, रात्री रस्त्याने चालणे हे गुन्हे नाहीत. गस्त सुरू करण्यापूर्वी पालावर जाऊन बोला, त्यांचाही फोन साखळीत घ्या. चोरी त्यांच्याकडेही होते आणि त्यांच्या तक्रारीला पोलीस आपल्याहूनही उशिरा येतात.

समोर गुन्हा करताना कोणी पकडला गेलाच, तर कायदा स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणूस आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. पकडल्यावर मारायचा अधिकार कोणालाही नाही. पाच किंवा अधिक जणांच्या गटाने जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) खाली प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे.

चोर आत असताना

जाग आली आणि घरात कोणी आहे असे कळले तर दिवा लावा, ओरडा, भांडी आपटा, आणि त्याची पळायची वाट अडवू नका. अडलेला माणूस वार करतो. मुले आणि म्हातारी माणसे एका खोलीत घेऊन आतून कडी लावा, तिथून फोन करा. पाठलाग करू नका. सोने पुन्हा येते.

तरी हातघाईवर आलेच तर? संहितेची कलमे ३४ ते ४४ बचावाच्या हक्काची आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध कलम ४१ ने हा हक्क बराच विस्तृत ठेवला आहे, प्रसंगी जीव जाण्यापर्यंत. पण त्याला कलम ३७ ची मर्यादा आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क तो आत शिरलेला असेपर्यंत आहे. पळून गेलेल्याला शेतात गाठून मारले तर तो बचाव राहत नाही.

तक्रार

चोरी झाल्याचे सकाळी कळले तर आत जाऊ नका, काही उचलू नका, झाडू नका. ठसेतज्ज्ञ येईपर्यंत कपाटाला हात लावू नका. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी यावे असे नवी संहिता सांगते. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे, तरी मागणी आजच करा.

गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला जातो ते नीट पाहा. साध्या चोरीच्या कलम ३०३(२) मध्ये माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र होतो, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. गरिबाच्या घरातून गेलेला गॅस सिलिंडर आणि दोन हजार रुपये इथेच अडकतात. पण राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कुलूप उघडून किंवा फोडून शिरले असतील तर कलम ३३१ लागते. चोरीसाठी रात्री घर फोडल्यास शिक्षा चौदा वर्षांपर्यंत, दिवसा दहा. ही कलमे दखलपात्र आहेत आणि त्यांत मालाची किंमत पाहिली जात नाही. आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू असेही ठाण्याला म्हणता येत नाही, कारण चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची तरतूद तीन ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे.

नव्या संहितेचे कलम १७३ कार्यकर्त्यांनी पाठच करावे. हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळते. ठाणेदाराने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे कलम १९३ नुसार पोलिसांचे काम आहे. माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत मुद्देमाल म्हणून गंजत पडू द्यायची गरज नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन ऐवज मालकाला लवकर द्यावा. कलम ४९७ आणि ५०३ खाली तसा अर्ज करता येतो.

घरात शिरलेले लोक चोरीसाठी आलेच नसतील, तर गोष्ट निराळी. भांडी फेकली, धान्य मातीत मिसळले, घर पेटवले, गाव सोडा म्हणून धमकावले, तर ती घरफोडी म्हणून नोंदवून घेऊ नका. घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे आणि राहते घर जाळणे हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मधले गुन्हे आहेत. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे तुम्ही बौद्ध आहात म्हणून हा कायदा लागत नाही, असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि नुकसानीची मदत जिल्हा प्रशासनाने द्यायची असते. सांडलेले धान्य, तुटलेले दार यांचे फोटो आणि व्हिडिओ आवराआवर करण्याआधी काढा.

उशिराचा हिशेब

११२ ला फोन केल्याची वेळ मोबाईलमध्ये राहते. तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि गाडी आल्याची वेळ वहीत लिहा. वस्तीत वर्षभर अशी वही ठेवली तर हवेत बोलावे लागत नाही. ज्यांना फोन करूनही कोणी आले नाही, त्यांचीही नोंद करा.

त्याच्या जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून मोजके विचारा. आपल्या ठाण्याच्या हद्दीत गेल्या वर्षभरात ११२ वरून किती कॉल आले, प्रत्येक कॉल मिळाल्याची आणि गाडी पोहोचल्याची वेळ काय, ठाण्यातली मंजूर पदे किती आणि भरलेली किती, रात्रीच्या गस्तीला वाहने किती. वस्तीचे नाव घालून, फक्त तिथल्या कॉलची माहिती वेगळ्या अर्जाने मागा. गावाच्या आणि वस्तीच्या वेळांत फरक दिसला तर दोन्ही उत्तरे, तुमची वही आणि ग्रामसभेचा ठराव एकत्र करून पोलीस अधीक्षकांना द्या आणि पोचपावती घ्या.